धरणातलं पाणी, गावाचं जाळं

भंडारदऱ्याच्या जलाशयावर, शेंडी गावाच्या अंगाला, पाऊस उघडल्यानंतरच्या एका सकाळी मी थर्माकोलचा तराफा काठाला लागताना पाहिला. तराफ्यावरचा माणूस उतरला, दगडावर बसला आणि मांडीवर फासजाळं घेऊन त्यात अडकलेली चिलापी एकेक करून सोडवू लागला. जाळं तंगुसाचं, म्हणजे एकपदरी पारदर्शक धाग्याचं. वरच्या दोरीला बोयांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या. आस केवढा, असं विचारलं तेव्हा त्याने तोंडाने काही सांगितलं नाही. जाळ्याच्या एका घरात तीन बोटं घालून दाखवली. ‘तीन बोटी’ जाळं म्हणजे ज्याच्या आसातून तीन बोटं जातात ते. दोन बोटी जाळ्यात पिल्लं अडकतात आणि चार बोटीतून बरेच मासे निसटतात. कुठल्या महिन्यात कुठलं जाळं टाकायचं हे त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

हेच मोजमाप मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदावर मिलिमीटरमध्ये येतं आणि गावाच्या ठरावात बहुधा येतच नाही. आदिवासींच्या जाळ्याचे नियम म्हणजे नक्की काय, ते कोणी करायचे आणि कोणाला लागू करायचे, हा प्रश्न अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या डोंगराळ डांगाणापासून पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरापर्यंत वेगवेगळ्या रूपात उभा आहे. या शब्दांचे दोन अर्थ होतात. आदिवासी समाजांनी स्वतः पाळलेले नियम हा एक, आणि सरकारने आदिवासींसाठी केलेले नियम हा दुसरा. चर्चेत दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून या लेखात ते शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

जाळं कुणाच्या हातात होतं

सुरुवात एका नावापासून करावी लागते, कारण बाहेरचा माणूस इथेच चुकतो. अकोले तालुक्यात मोठ्या संख्येने राहणारे महादेव कोळी हे अनुसूचित जमातीत येतात, पण ते दर्यावरचे कोळी नव्हेत. मुंबई-कोकणातले सोनकोळी पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगले. महादेव कोळ्यांची ओळख डोंगरउतारावरची नाचणी-वरई, भाताची खाचरं, डांगी जनावरं आणि जंगल यांच्याशी बांधलेली आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच मुलखातले, अकोल्यातल्या देवगावचे. १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मासे इथे खाल्ले जातात आणि पकडलेही जातात, पण ते शेतीच्या जोडीला. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागतात तेव्हा, भाताच्या खाचरात खेकडे निघतात तेव्हा, उन्हाळ्यात डोह आटतात तेव्हा. ठाकर आणि काही प्रमाणात कातकरी यांचंही जगणं याच प्रकारचं. कातकऱ्यांचा हात या कामात जास्त बसलेला आहे, इतकाच फरक.

जाळ्यावर पोट असलेला समाज घाट उतरून खाली, सपाटीवर भेटतो. प्रवरा, मुळा, गोदावरी आणि भीमेच्या काठी भोई, कहार आणि भिल्ल यांनी नदीतली मासेमारी चालवली. भोई आणि कहार अनुसूचित जमातीत येत नाहीत. गावगाड्यात भोयांकडे पालखी वाहण्याचं आणि मासेमारीचं काम होतं. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून नदी ओलांडायची आणि पाग, म्हणजे फेकजाळं, टाकायचा, हे त्यांचं कसब. भिल्ल मात्र अनुसूचित जमातीचे आहेत. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर या भागांत नदीकाठच्या वस्त्यांमधून त्यांची घरं आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांना जमीन नाही, आणि मजुरी नसेल त्या दिवशी नदीच भाकरी देते.

हा नकाशा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा बराचसा गुंता त्यातूनच निघतो. आदिवासींसाठीचे विशेष कायदे ज्या डांगाणात सर्वांत बळकट आहेत, तिथे जाळ्यावर पूर्णपणे अवलंबून असलेली घरं कमी. आणि जिथे आदिवासी कुटुंबं खरोखर जाळ्यावर जगतात त्या सपाटीवर हे कायदे पोचतच नाहीत.

नदीची धरणं झाली

इंग्रजी अंमलात पुणे-नगर भागातल्या नद्यांत कोणते मासे होते, याची पहिली पद्धतशीर नोंद कर्नल विल्यम सायक्स यांची. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करता करता त्यांनी माशांचीही पाहणी केली आणि १८४० च्या आसपास दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सायक्स यांनी शास्त्रीय नावं देताना मराठी मच्छीमारांच्या तोंडची नावं उचलली. ‘टोर खुद्री’ या महाशीराच्या नावात खुदरी आहे, ‘गारा मुल्या’त मळ्या आहे, ‘कोलस’मध्ये कोळस आहे आणि ‘नुक्ता’त नकटा. मासे ओळखण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांच्या शब्दांवर जगाच्या प्राणिशास्त्राने शिक्का मारला. त्याच लोकांनी ते मासे कसे, कधी आणि किती धरायचे याचे जे संकेत पाळले, त्यांची नोंद मात्र कुणी तेवढ्या आस्थेने घेतली नाही.

मग धरणं आली. रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साठवण ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. मुळेवर बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, ज्याचा ज्ञानेश्वरसागर २६ हजार दशलक्ष घनफुटांचा. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. त्याच्या फुगवट्याचा मोठा हिस्सा नगरच्या शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत आहे. भीमेवरच्या उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याला लागतो. अगदी अलीकडचं निळवंडे, ज्याच्या डाव्या कालव्यात २०२३ च्या ऑक्टोबरात पाणी सोडलं गेलं, ते पुन्हा अकोल्यातच.

धरणाने मासेमारीत तीन बदल केले. पहिला जाळ्याचा. नदीच्या वाहत्या पाण्यात पाग चालत होता. खोल, स्थिर पाण्यात लांब फासजाळं आणि तराफा लागू लागला. सुताच्या आणि अंबाडीच्या जाळ्याची जागा नायलॉनने घेतली, नंतर तंगुसाने. तंगुसाचं जाळं पाण्यात माशाला दिसत नाही, कुजत नाही आणि तुटून तळाशी राहिलं तरी मासे अडकवतच राहतं. दुसरा बदल माशांचा. कटला, रोहू, मृगळ या प्रमुख कार्प जाती धरणाच्या स्थिर पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दरवर्षी बाहेरून आणून सोडावी लागते. त्यामुळे पाण्यातल्या माशाला ‘मालक’ मिळाला, म्हणजे ज्याने बीज सोडलं तो. चिलापी कुणी सोडो न सोडो, तिने आपली वस्ती स्वतःच वाढवली. खुदरी, नकटा यांसारखे वाहत्या पाण्याचे मासे मागे हटले.

तिसरा बदल सर्वांत खोलवरचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. नदीची पातळी पावसावर ठरत होती. धरणाची पातळी आवर्तनावर ठरते. खालच्या उसाला आणि शहरांना पाणी कधी सोडायचं ते पाटबंधारे खातं ठरवतं. उन्हाळी आवर्तनांनी पाणी भराभर उतरलं की काठाजवळ अंडी घालणाऱ्या माशांची अंडी उघडी पडतात आणि उरलेले मासे लहानशा डबक्यात कोंडले जातात. तिथे जाळं टाकणं सोपं होतं आणि एका आठवड्यात वर्षाचं नुकसान करणंही सोपं होतं. कोणत्याही जाळ्याच्या नियमापेक्षा आवर्तनाचं वेळापत्रक माशांवर जास्त परिणाम करतं, असं माझं मत झालं आहे. पाणीवाटपाच्या बैठकीत मच्छीमाराची खुर्ची मात्र अजून कुठे दिसत नाही.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेत मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात स्फोटकं उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यावर बंदी घातली, आणि राज्याचा १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम नंतर आला. विषबंदीमागचं कारण समजण्यासारखं होतं, पण तिने एक जुनी पद्धत एका फटक्यात गुन्ह्यात टाकली. सह्याद्रीत उन्हाळ्यात आटत्या डोहात गेळफळ ठेचून टाकायची आणि गुंगलेले मासे गावाने मिळून वेचायचे, ही रीत कातकरी-ठाकरांत होती. आज कुणी जंगली फळाऐवजी कीटकनाशकाची बाटली ओतत असेल, तर त्या माणसाला जुन्या रीतीचा आधार घेता येणार नाही. मात्र कायद्याने दोघांना एकाच तराजूत तोललं, हेही खरं.

धरणांसाठी राज्याची मुख्य पद्धत ठेक्याची आहे. जलाशय साधारण पाच वर्षांसाठी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिला जातो. संस्था ठेका रक्कम भरते, ठरलेल्या प्रमाणात बोटुकली सोडते आणि तिच्या क्रियाशील सभासदांना जाळं टाकण्याचा हक्क मिळतो. ठेक्याबाहेरचा माणूस जाळं टाकताना सापडला तर तो चोर ठरतो, मग त्याच्या घरचं शेत त्याच पाण्याखाली गेलेलं असलं तरी.

याच्या बरोबरीने आदिवासी हक्कांचे दोन कायदे उभे आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लघु जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन योग्य स्तरावरच्या पंचायतीकडे सोपवलं. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये वनवासींच्या सामूहिक हक्कांत मासे आणि जलसाठ्यांतली इतर उत्पादनं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चराईचा आणि हंगामी वापराचा हक्कही त्याच वाक्यात येतो. या कायद्याच्या २००८ च्या नियमांतली एक तरतूद या विषयासाठी सोन्यासारखी आहे. सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून गावातल्या वृद्धांचा लेखी नोंदवलेला जबाब ग्राह्य धरता येतो. तोंडी नियमाला कायद्याच्या दारात उभं राहण्याची वाट यातून मिळते.

अडचण सीमारेषांची आहे. जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते फक्त अकोले तालुक्यातल्या ठरावीक गावांचं. राहुरी-नेवाशातला भिल्ल जमातीने आदिवासी असला तरी त्याचं गाव त्या यादीत नाही, म्हणून पेसा त्याच्यापर्यंत येत नाही. त्याच्या आसपास जंगल नाही, म्हणून वनहक्क कायद्याचा सामूहिक दावाही त्याला सहज करता येत नाही. उलट भंडारदऱ्याच्या काठची गावं यादीत आहेत, पण भंडारदरा हा काही ‘लघु’ जलसाठा नव्हे. शिवाय त्याचा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे वन्यजीव कायद्याची बंधनंही या भागावर येतात. त्याच वर्षी जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. एकाच पाण्यावर पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, वन आणि महसूल या चार खात्यांची सही लागते. मच्छीमाराला मात्र कुठल्या खिडकीवर जायचं ते कळत नाही.

चार बाजू

या वादात निरनिराळ्या बाजूंनी बोलणारी माणसं मला भेटली. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते जसं ऐकलं तसं मांडतो.

मत्स्यशास्त्राचे अभ्यासक आणि खात्याचे अधिकारी म्हणतात, जलाशय एक आहे तर नियमही एक हवा. बोटुकली सोडल्यावर ती विक्रीयोग्य होईपर्यंत लहान आसाच्या जाळ्यांपासून वाचवावी लागते. एका गावाने दोन बोटी जाळं चालवलं तर दहा गावांचं नुकसान होतं. घाटमाथ्याची धरणं खोल, खडकाळ तळाची आणि पोषक द्रव्यं कमी असलेली, त्यामुळे तिथलं उत्पादन मुळातच बेताचं. त्यात वाटेकरी वाढवले तर कुणाचंच पोट भरणार नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी आज किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही पाठ आहे. गोड्या पाण्यात तशी सर्वांच्या तोंडी बसलेली तारीख नाही, ही त्यांची खंत रास्त आहे.

सहकारी संस्थांचे, विशेषतः भोई-कहार समाजातले सभासद सांगतात की ही आमची पिढीजात विद्या आहे. आमच्याकडे जमीन नव्हती, नदीच होती. धरणाने नदी नेली, ठेक्याने तिचा एक तुकडा परत दिला, आणि त्या तुकड्यासाठी आम्ही दरवर्षी पैसे मोजतो. आदिवासी हक्काच्या नावाखाली कुणीही जाळं टाकू लागलं तर ठेका रक्कम कुठून भरायची? आरक्षणाच्या यादीत आम्ही दुसऱ्या रकान्यात आहोत, एवढ्यावरून आमचा पाण्यावरचा हक्क धाकटा कसा ठरतो, हा त्यांचा सवाल टाळता येण्यासारखा नाही.

आदिवासी आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबांचं म्हणणं थोडक्यात असं : पाण्याखाली आमची खाचरं आहेत. भंडारदरा झालं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तसा कायदा पहिल्यांदा १९७६ मध्ये केला. पाणी खाली गेलं, ऊस तिकडे झाला, आमच्या वाट्याला उतरत्या पाण्याच्या काठची गाळपेर आणि दोन वेळचं कालवण आलं. ते कालवण चोरीचं ठरवू नका. त्यांची आणखी एक तक्रार राज्यभर ऐकू येते आणि सहकारी संस्थांचे प्रामाणिक सभासदही ती खासगीत मान्य करतात. पुष्कळ ठिकाणी संस्था कागदावर स्थानिकांची असते, पण ठेक्याचा पैसा बाहेरच्या व्यापाऱ्याचा असतो. माशाचा भाव तोच ठरवतो आणि सभासद त्याच्या हाताखालचा मजूर होतो.

निसर्गाचे अभ्यासक चौथी बाजू मांडतात. खात्याचं आणि संस्थांचं सगळं लक्ष किलोंवर आहे, जातींवर नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. खुदरीसारखा मासा पावसाळ्यात उगमाकडे चढतो. त्या वाटेवर ओढ्याच्या तोंडाशी आडवं लावलेलं जाळं सर्वांत घातक. बाहेरून आलेल्या मासळीचा धोका ते वारंवार सांगतात. आफ्रिकन मागूरवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी तो अधूनमधून सापडतोच. उजनीत सकर मासा जाळी फाडू लागला आहे. अभयारण्याचे नियम शिथिल करायला हे अभ्यासक सहसा तयार नसतात. मात्र त्यांच्यातले काही जण आता म्हणू लागले आहेत की ओढ्याच्या तोंडावर पहारा ठेवायचा तर तो काठचं गावच ठेवू शकेल.

या चार बाजूंच्या पलीकडे नवे दावेदार येऊन उभे आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेपासून जलाशयात पिंजरे लावून मासे वाढवण्याला जोर आला. पिंजऱ्याला भांडवल लागतं, म्हणून तो घेणारा सहसा तराफेवाला नसतो. जायकवाडीत तरंगत्या सौर पॅनेलचा प्रकल्प आला तेव्हा कहार समाजाच्या पंच समितीने हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०२५ मध्ये तिथेही दाद मिळाली नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. कर्ज आणि विमा यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, पण ज्याच्या नावावर ठेकाच नाही त्याच्यापर्यंत तो कसा पोचणार हे अजून दिसायचं आहे.

इतरांनी काय केलं

शेजारच्या मध्य प्रदेशाने दोन धडे दिले आहेत. तवा धरणातल्या विस्थापित आदिवासींच्या संस्थांनी मिळून तवा मत्स्य संघ उभा केला आणि दीर्घ लढ्यानंतर १९९६ मध्ये जलाशयाचा ठेका मिळवला. त्यांनी पावसाळ्यातली बंदी पाळली, बीज सोडलं, स्वतःचे पहारेकरी नेमले आणि मासळीची विक्रीही हातात घेतली. दहा वर्षं हे चाललं. मग परिसर व्याघ्रप्रकल्पाचा असल्याच्या कारणावरून २००६ नंतर ठेक्याचं नूतनीकरण झालं नाही. आदिवासींना जाळ्याची व्यवस्था लावता येते का, या शंकेचं उत्तर तिथे मिळालं. ती व्यवस्था टिकवण्यासाठी कायद्याचा पाया किती भक्कम लागतो, हेही तिथेच दिसलं.

पेंचच्या तोतलाडोह जलाशयाबद्दल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळा पेच आला. राष्ट्रीय उद्यानातून हललेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे परवाने दिले होते आणि पर्यावरणवाद्यांनी त्याला आव्हान दिलं. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. अटी घातल्या : ओळखपत्रावर फोटो हवा, ठरलेल्या रस्त्यानेच जायचं, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, रोज किती मासे धरले त्याची नोंद ठेवायची. हक्क आणि संरक्षण यांना एका पानावर बसवण्याचा हा प्रयत्न होता. अटी वरून आल्या, आदिवासींनी स्वतः ठरवल्या नाहीत, ही त्याची मर्यादा. वर आलेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि जायकवाडी या दोन्ही अभयारण्यांसाठी मात्र हा निकाल वाचण्याजोगा आहे.

आपल्याच राज्यात, महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत, वरदायिनीच्या डोहातले मासे कुणी मारत नाही. देवीचे म्हणून सोडलेल्या त्या खोल पाण्यात महाशीर वाढतात, आणि नदीतल्या वंशाला तिथून आधार मिळतो. तिथे कायदा नाही, परवाना नाही. पिढ्यान् पिढ्यांचा संकेत आहे. असे डोह राखण्याची रीत सह्याद्रीत इतरत्रही होती. धरणाच्या पाण्याखाली जे डोह गेले त्यांच्याबरोबर त्यांचे संकेतही बुडाले.

दूरचा एकच दाखला देतो, कारण तो जाळ्याचाच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात रेड लेक या तळ्यावर ओजिब्वे जमात जाळ्याने मासेमारी करत आली. १९९० च्या दशकात तिथली वॉलाय मासळी जवळजवळ संपली. जमातीच्या मच्छीमारांनी १९९७ मध्ये स्वतःहून जाळी उचलली, १९९९ मध्ये राज्याशी करार झाला, बीज सोडलं गेलं आणि २००६ मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली. त्याच राज्यातल्या मिल लॅक्स तळ्यावरचा वाद १९९९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८३७ च्या तहात राखून ठेवलेला मासेमारीचा हक्क शाबूत असल्याचं तिथे ठरलं. आपल्याकडे असा तह नाही. भंडारदऱ्याच्या काठी हक्क राखून ठेवणारा कागद कुणाच्याच पेटीत नाही, म्हणून हा दाखला जसाच्या तसा इथे बसत नाही. जाळी उचलण्याचा निर्णय जमातीने स्वतः घेतला आणि राज्याने तो मानला, हा भाग मात्र विचारात घेण्यासारखा आहे.

अजून काय ठरायचं आहे

पहिला प्रश्न घरच्या कालवणाचा. विक्रीसाठीची मासेमारी आणि घरच्या ताटासाठीची मासेमारी यांच्यात फरक करायला बहुतेक सगळ्या बाजू तत्त्वतः तयार असतात. रेघ कुठे ओढायची यावर गाडी अडते. दिवसाला किती किलो? जाळ्याची लांबी किती? गळ आणि पाग मोकळा ठेवून फासजाळं फक्त ठेकेदार संस्थेला द्यायचं, अशी एक सूचना कानावर येते आणि मला ती व्यवहार्य वाटते. पाग फेकणारा माणूस काठावरूनच मासे धरतो, त्याची पोच आपोआप मर्यादित राहते. पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पागसुद्धा पुष्कळ मारतो, हे भोई सभासदांचं उत्तरही बरोबर आहे.

दुसरा प्रश्न ‘स्थानिक’ कोण. पिढीजात मच्छीमार, प्रकल्पग्रस्त आणि आदिवासी या तीन दाव्यांपैकी अग्रक्रम कुणाला? भंडारदऱ्यावर प्रकल्पग्रस्त आणि आदिवासी जवळपास एकच आहेत. मुळा आणि जायकवाडीवर ही तिन्ही माणसं वेगवेगळी असतात, आणि कधी एकाच काठावर समोरासमोर तराफे घेऊन उभी राहतात. राज्यभर एकच क्रम लावला तर कुणावर तरी अन्याय होणारच. जलाशयागणिक बसून ठरवायचं तर ते काम कोण करणार, हे अनिर्णित आहे.

तिसरा प्रश्न सपाटीवरच्या भिल्लांचा, आणि माझ्या मते या आढाव्यातली सर्वांत मोठी पोकळी हीच आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती आठ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि त्यांतला मोठा भाग अकोल्याबाहेर राहतो. आदिवासी हक्कांची चर्चा अकोल्याच्या वेशीवर थांबते, आणि मच्छीमारांच्या चर्चेत भिल्लांचं नाव सहकारी संस्थेच्या सभासद यादीत असलं तरच येतं. दोन्ही दारांच्या मधल्या ओसरीवर हा समाज बसून आहे. मासळी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या त्यांच्यातल्या बायका तर कुठल्याच व्याख्येत ‘क्रियाशील’ ठरत नाहीत, कारण ती व्याख्या जाळं टाकणाऱ्याभोवती लिहिलेली आहे.

चौथा प्रश्न पाण्याचा. किमान पातळीखाली जलाशय उतरू द्यायचा नाही, निदान अंडी घालण्याच्या काळात आवर्तन सावकाश सोडायचं, अशी अट पाणीवाटपात कधी येईल का? उसाच्या राजकारणापुढे ही मागणी लहान दिसते. पण तिच्याशिवाय आसाचा कोणताही नियम, तो गावाने केलेला असो की खात्याने, अर्ध्यावरच राहतो.

आणि पाचवा, नोंदीचा. अकोल्यातल्या गावांनी वनहक्काखाली मासेमारीचा सामूहिक दावा करायचा ठरवला तर वृद्धांच्या जबाबात काय लिहायचं? धरणाआधीच्या प्रवरेची वर्णनं आईबापांकडून ऐकलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीला टेकली आहेत. कुठला डोह राखलेला होता, कुठल्या सणापासून जाळी आढ्याला टांगून ठेवायची, पहिल्या पावसात ओढ्याच्या तोंडाशी कुणी बसायचं आणि कुणी नाही, गावाने मिळून धरलेल्या मासळीत विधवेच्या घरी किती वाटा जायचा, आणि दोन बोटी जाळं कोणत्या महिन्यात काढायचं नाही, हे त्यांना विचारून तारीख घालून कागदावर घ्यायला अजून उशीर झालेला नाही. वनहक्काच्या नियमांतल्या नियम १३ प्रमाणे त्या कागदाला पुराव्याची किंमत आहे.